खराब ठरवलेले ब्लॉक

कंपनीत तिला सगळे वहिनी म्हणत. आधी म्हणत नसत. आधी ती चांगली मॅडम होती. पण तिने आपल्या धाकट्या दिराला तिथे खरेदी विभागात चिकटवलं आणि तो पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या देखत, "वहिनी, माझी खुर्ची कुठली?" असं विचारून मोकळा झाला. मग काय, साहेबांपासून दारावरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांचीच ती वहिनी झाली. वरवर ती वैतागायची. आतून तिला ते आवडत होतं, कारण वहिनी म्हटलं की माणसं जरा जपून बोलतात आणि तिचं म्हणणं सहसा खोडून काढत नाहीत.

ही कंपनी औषधांच्या दुकानांतल्या फ्रिजसाठी एक पेटी बनवायची. फ्रिजमधली थंडी कमीजास्त झाली की पेटी ओरडायची आणि दुकानदाराच्या फोनवर निरोप धाडायची, म्हणजे आतल्या लसी नासायच्या नाहीत. त्या पेटीत एक इवलासा कॉम्प्युटर होता आणि त्यातला बूटलोडर वहिनीने लिहिलेला होता. बूटलोडर म्हणजे वीज आली की सगळ्यांच्या आधी उठणारा आणि मग बाकीच्यांना उठवणारा प्रोग्रॅम. घरात असं एक माणूस असतंच. पेटीच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की ती मेमरीत लिहून ठेवायचं कामही त्याचंच. वहिनीचा बूटलोडर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालला होता आणि तिला त्याचा अभिमान होता. अभिमान असायला हरकत नाही, पण तिचा जरा उतू जायचा.

मग पेट्या परत यायला लागल्या. नवी आवृत्ती भरायला घेतली की पेटी अर्ध्यावर बंद पडायची आणि पुन्हा उठायचीच नाही. एका दुकानात रात्रभर फ्रिज बंद राहिला, पेटी मुकी बसली आणि सकाळी सगळा साठा फेकून द्यावा लागला. साहेबांनी तातडीने बैठक बोलावली.

बैठकीआधी वहिनीने एक पेटी उघडून बघितली होती. त्यातल्या फ्लॅश मेमरीच्या चिपमध्ये खराब ब्लॉक, म्हणजे लिहिण्याचे निकामी कप्पे, निघाले, आणि तेही ढिगाने. आता चिपमध्ये थोडे ब्लॉक खराब असतातच, कोऱ्या चिपमध्येसुद्धा. कारखानाच त्यांच्यावर खूण करून पाठवतो. बूटलोडर लिहायच्या आधी ती खूण बघतो, तो ब्लॉक सोडतो आणि पुढच्यात लिहितो. यात कुणी वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण या चिपमध्ये इतके खराब ब्लॉक होते की लिहायला जागाच उरली नव्हती. बूटलोडरने अर्धी आवृत्ती कशीबशी लिहून हात टेकले होते. आणि ही चिप नवी होती. जुनी चिप बाजारातून बंद झाली म्हणून धाकट्याने दुसऱ्या एका कंपनीची शोधून आणली होती.

बैठकीत साहेबांनी कारण विचारलं तेव्हा वहिनीला फार विचार करावा लागला नाही.

"माझ्या बूटलोडरमध्ये काहीही बदललेलं नाही," ती म्हणाली. "बदलली ती चिप. भिकार माल आहे हा. कुणी आणला ते सगळ्यांना माहीत आहे."

शेवटच्या वाक्याची काही गरज नव्हती. पण ते बोलताना तिला बरं वाटलं हे खरं. दिराला चिकटवल्यापासून त्याचं काही बिघडलं तर आपलं नाक कापलं जाईल ही भीती तिच्या मनात होती, आणि आता बिघडलंच आहे तर निदान पहिला दगड आपणच मारावा असा तो हिशेब होता. धाकटा टेबलाच्या टोकाला बसला होता. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्याने समोरच्या कागदावर काहीतरी लिहायचं नाटक केलं.

साहेब तसा वाईट माणूस नव्हता, पण घाबरलेला होता. त्याने वहिनीला चिप तपासून शुक्रवारपर्यंत अहवाल द्यायला सांगितलं. अहवाल आला की सगळ्या चिप पुरवठादाराला परत करायच्या आणि ज्याने त्या घेतल्या त्यालाही नारळ द्यायचा, असं त्याने स्पष्टच सांगून टाकलं. तोवर धाकट्याने घरी बसावं. धाकट्याने खुर्ची नीट आत सरकवली आणि तो निघून गेला.

धाकट्याची ही पहिलीच टिकलेली नोकरी होती. त्याआधी त्याने मोबाईल दुरुस्तीचं दुकान काढलं आणि बंद केलं, एक कोर्स धरला आणि अर्ध्यावर सोडला, फोटोग्राफीचा कॅमेरा घेतला आणि तो कपाटात ठेवला. त्यामुळे घरात काहीही फुटलं, हरवलं, बिघडलं की आधी त्याच्याकडे बघायची पद्धत पडली होती. रिमोट सापडत नाही? धाकट्याने कुठेतरी ठेवला असेल. दूध उतू गेलं? मग धाकटा काय करत होता? यात द्वेष नव्हता, ती घरातली थट्टा होती आणि तोही हसायचा. न केलेलं कबूल करून टाकायचा, म्हणजे विषय लवकर संपायचा. या खरेदीच्या नोकरीत मात्र तो रुळला होता. सकाळी डबा घेऊन वेळेवर निघायचा, आणि त्याला असं निघताना बघून सासूबाईंचा चेहरा उजळायचा.

त्या संध्याकाळी ती घरी पोहोचली तोवर बातमी घरात फिरून जुनी झाली होती. धाकट्याने स्वतःच सांगितली होती. जेवताना नवरा म्हणाला की मी तुला तेव्हाच सांगत होतो, त्याला तिथे घेऊन जाऊ नकोस, तुझीच पंचाईत होईल. धाकटा शेजारीच बसून जेवत होता, तरी म्हणाला. सासूबाईंनी एकाला पोळी वाढली, दुसऱ्याला वाढली आणि धाकट्याचं ताट तसंच राहिलं. हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

जेवणं झाल्यावर वहिनी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती, तेव्हा तो तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"वहिनी, माझ्यामुळे तुम्हाला मान खाली घालावी लागली," तो म्हणाला. "मी नीट बघून घ्यायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

आणि वहिनीने त्याला मोठ्या मनाने माफ केलं. होतं असं, म्हणाली. खांद्यावरचे टॉवेल सावरत वर असंही म्हणाली, "पुढच्या वेळी घेण्याआधी मला विचारत जा, भाऊजी."

तो "हो" म्हणाला. तिच्या हातातून कपड्यांचा ढीग घेऊन आत ठेवून आला. त्या रात्री वहिनीला छान झोप लागली, आपण किती समजूतदार आहोत या विचाराने.

दुसऱ्या दिवशी ती अहवालाला बसली. पुरवठादार काही आपणहून चूक मान्य करणार नव्हता, त्यामुळे पुरावा भक्कम हवा होता. तिने गोदामातून चिपांचं न फोडलेलं पाकीट मागवलं, त्यातली एक चिप बाहेर काढली आणि तिच्यावरच्या खुणा वाचल्या. खराब ब्लॉक अगदी मोजके निघाले. एक इथे, एक तिथे. कोणत्याही चांगल्या कंपनीच्या चिपमध्ये असतात तेवढेच. दुसरी घेतली, तीही तशीच. तिसरी त्याहून चांगली. वहिनीला जरा रागच आला. भिकार माल असा चांगला निघायला लागला की माणसाची पंचाईत होते.

मग तिने त्यातली एक चिप पेटीत बसवली, तिच्यात एकदा नवी आवृत्ती भरली आणि पुन्हा खुणा वाचल्या. आता पडद्यावर खराब ब्लॉकांची लांबलचक रांग होती.

रांगच होती ती. वहिनी पडद्याकडे बघत राहिली. चिप खरोखर खराब असली की तिचे खराब ब्लॉक विखुरलेले असतात. खराबी कधी एकापाठोपाठ एक, मध्ये न तुटता येत नाही. ही रांग नवी आवृत्ती जिथे लिहायला सुरुवात झाली होती बरोबर तिथे सुरू होत होती आणि आवृत्ती संपली तिथे संपत होती. म्हणजे बूटलोडरने ज्या ज्या ब्लॉकला हात लावला, तो तो ब्लॉक खराब झाला होता. बाकीचे धडधाकट होते.

तिने चिपचं माहितीपत्रक उघडलं. उघडतानाच आत काय असणार हे तिला कळून चुकलं होतं. प्रत्येक ब्लॉकच्या कडेला थोडी राखीव जागा असते. खराबीची खूण तिथे करतात, आणि लिहिलेलं बरोबर आहे की नाही ते पडताळायचे आकडेही बूटलोडर तिथेच ठेवतो. जुन्या चिपमध्ये खुणेची जागा थोडी पुढे होती, म्हणून वहिनीने आकडे अगदी सुरुवातीला ठेवले होते. या नव्या चिपमध्ये खुणेची जागाच अगदी सुरुवातीला होती. बूटलोडर ब्लॉकमध्ये नीट लिहायचा आणि लिहून झालं की आपल्याच हाताने त्याच्यावर खराबीची खूण करून ठेवायचा. पेटी त्यातून वाचायची, चालायची, कुणाला काही कळायचं नाही. पुढच्या वेळी लिहायची पाळी आली की मात्र तो त्या खुणा बघायचा, हे सगळे खराब म्हणून सोडून द्यायचा आणि पुढचे चांगले ब्लॉक धरायचा. मग तेही तसेच खराब करायचा. असं करत करत जागा संपली होती. कंपनीत पेटी तपासताना आवृत्ती एकदाच भरायचे, म्हणून तिथे काहीच दिसलं नव्हतं.

चिपमध्ये काही दोष नव्हता. ब्लॉक चांगले होते. त्यांना खराब ठरवणारी ती होती.

तिने परत आलेली ती पहिली पेटी पुन्हा जोडली. तिच्यातही तशीच सरळ रांग होती. बैठकीच्या आधी तिने ती बघितली होती. कुणी नवशिक्याने दाखवली असती तर तिने त्याला विचारलं असतं, अरे, ही अशी सरळ कशी? पण तेव्हा तिला विचारायचंच नव्हतं. चिप कुणी आणली हे माहीत असल्यावर बाकीचं बघायची तिला गरज वाटली नव्हती.

आणि मग तिला ते आठवलं. चिप घेण्याआधी धाकटा हेच माहितीपत्रक घेऊन तिच्या टेबलाशी आला होता. ती फोनवर होती. तो बराच वेळ थांबला. तिने हाताने खूण करून काय म्हणून विचारलं, तर त्याने हळूच विचारलं की जुनीच्या जागी ही चालेल का, एकदा बघून घेता का. तिने पहिल्या पानावरचं चित्र बघितलं. चिपचे पाय जुन्यासारखेच होते, जुन्या जागी बसणारे. फोन तसाच कानाला ठेवून तिने मान हलवली होती. चालेल, घ्या.

त्याने विचारलं होतं. आणि काल गॅलरीत ती त्याला म्हणाली होती, पुढच्या वेळी विचारत जा. तो हो म्हणाला होता.

शरमेने वहिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आजूबाजूला कुणी बघत नव्हतं तरी तिने पडदा जरा आपल्याकडे वळवून घेतला. काल आपण किती थाटात माफ केलं ते तिला शब्दन्‌शब्द ऐकू यायला लागलं आणि उठून कुठेतरी तोंड लपवून बसावंसं वाटलं. पण कंपनीत तशी जागा नव्हती, म्हणून ती अहवाल लिहायला लागली.

तिने लिहिलं, "नवीन चिप व सध्याचं सॉफ्टवेअर यांत विसंगती आढळून आली आहे." वाक्य चांगलं झालं होतं. त्यात कुणीच नव्हतं. अशा वाक्यात माणूस आरामात दडून बसू शकतो. बूटलोडर गुपचूप दुरुस्त करता आला असता, धाकट्याला कामावर परत घेतलं असतं आणि विसंगती नावाची कुणी बाई होती तिच्यावर खापर फुटलं असतं.

शेजारच्या टेबलावर पेट्या तपासणारी मुलगी बसायची, तिला सगळे चष्मेवाली म्हणत. ती चहा घेऊन आली आणि पडद्यावरचं वाक्य वाचून म्हणाली, "वहिनी, यातून चूक कुणाची ते कळतच नाही हो."

तिच्या मनात काही नव्हतं. ती सहज म्हणाली आणि आपला चहा पीत राहिली. वहिनीने मात्र ते वाक्य पुसलं आणि साधं लिहिलं. चिप चांगल्या आहेत. चूक बूटलोडरमध्ये आहे. तो मी लिहिला आहे. ही चिप घेण्याआधी मला विचारलं होतं आणि मी न बघता होकार दिला होता. एवढं लिहायला तिला दुपार गेली.

साहेबाने अहवाल वाचला आणि त्याचा चेहरा खुलला. चिप बदलायला नकोत, पुरवठादाराशी भांडायला नको, नुसता बूटलोडर दुरुस्त केला की झालं, हे त्याला सोन्याहून पिवळं होतं. तिला वाटलं होतं तो चिडेल. चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो उलट कौतुकच करायला लागला, हे शोधून काढायला डोकं लागतं म्हणाला. दिराला उद्यापासून यायला सांगा म्हणाला, आणि बाकी हे आपल्यातच राहू दे, कशाला वाढवायचं. वहिनीने सांगितलं की भाऊजींवर ठपका मी चारचौघांत ठेवला होता, तेव्हा तो चारचौघांतच परत घेणार. साहेबाला ते पटलं नाही, पण वहिनीचं म्हणणं खोडून काढायची त्याला सवय नव्हती.

तिने सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बोलताना आवाज दोनदा फाटला. माणसं टेबलाकडे बघत होती. बोलून झाल्यावर एकजण म्हणाला, "होतं असं, वहिनी." काल तिने हेच शब्द कुणाला तरी दिले होते. घेताना ते असे लागतात हे तिला माहीत नव्हतं. लगेच दुसऱ्याने दुरुस्त बूटलोडर कधीपर्यंत मिळेल ते विचारलं आणि सगळे कामाचं बोलायला लागले. धाकट्याबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही.

घरी जाताना ती त्याच्या रागाची तयारी करत होती. तो म्हणेल, मी विचारलं होतं ना तुम्हाला? ती म्हणणार होती, हो, विचारलं होतंत. तो म्हणेल, मग सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट का दाखवलंत? तेही ऐकून घ्यायचं तिने ठरवलं होतं. तो ओरडला तरी चालणार होतं. खरं तर त्याने ओरडावं अशीच तिची इच्छा होती.

तो सासूबाईंबरोबर स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होता. नवराही नुकताच कामावरून आला होता. वहिनीने पर्ससुद्धा न उतरवता, दारातच उभं राहून सगळं सांगितलं. चिप चांगल्या होत्या. चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. भाऊजींनी मला विचारलं होतं आणि मी बघितलं नाही. कंपनीत सगळ्यांसमोर तसं सांगून आले आहे. काल मी तुम्हाला जे बोलले, बैठकीत बोलले आणि इथे घरात बोलले, त्या सगळ्याची मला लाज वाटते, भाऊजी. मला माफ करा.

धाकट्याने हातातली शेंग खाली ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आनंदही दिसत नव्हता. कुणीतरी भलत्याचंच सामान आपल्या हातात दिल्यावर माणूस जसा गोंधळतो, तसा तो गोंधळला होता.

"नक्की?" त्याने विचारलं.

ती हो म्हणाली.

"पण वहिनी, तुम्ही म्हणालात म्हणून मी कालपासून तोच विचार करतोय," तो म्हणाला. "एक नमुना आधी मागवायला पाहिजे होता, तो मी मागवला नाही. पुरवठादाराला नीट विचारायला पाहिजे होतं. माझंच चुकलं असणार त्यात."

"नाही, भाऊजी. तुमचं काहीच चुकलं नाही."

तो तिच्याकडे बघून थोडं हसला. रिमोट हरवल्यावर हसायचा तसंच. मग त्याने तिची समजूत काढावी तशा आवाजात म्हटलं, "घाई करू नका, वहिनी. पुन्हा एकदा बघा ना. माझं काहीतरी असेल. असतंच."

सासूबाईंचे हात शेंगांवर थांबले होते आणि मान खालीच होती. नवरा काही कारण नसताना पाणी प्यायला उठला आणि पेला हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धाकटा एकेकाकडे बघत होता, कुणीतरी हो म्हणेल अशा आशेने, आणि घरातल्या एकालाही त्याच्याकडे बघवेना.